जमीन शेतकऱ्याची, मदत सरकारची: अमेरिकेत खासगी शेतांवर आणि जंगलांवर निसर्ग कसा राखला जातो?

समजा, तुमच्या मालकीच्या रानात जुनी झाडं आहेत. उद्या त्यातल्या एका झाडावर दुर्मीळ पक्ष्याने घर केलं, तर तुम्हाला आनंद होईल की धास्ती वाटेल?

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या अनेक जमीनमालकांना एकेकाळी धास्तीच वाटायची. 'रेड-कॉकेडेड वुडपेकर' नावाचा सुतारपक्षी जुन्या, जिवंत पाइन वृक्षांत ढोली कोरून राहतो. १९७३च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यामुळे त्याला संरक्षण मिळालं. पण पक्षी आला की आसपासच्या वृक्षतोडीवर बंधनं यायची. मग काही मालकांनी सोपा मार्ग शोधला. पक्षी येण्याआधीच, झाडं जुनी होण्याआधीच ती तोडून विकायची.

म्हणजे पक्षी वाचवण्यासाठीचा कायदाच त्याचं घर हिरावून घेत होता. हा पेच सोडवण्यासाठी सरकारने जमीनमालकांशी भागीदारी करायला सुरुवात केली. ती कशी चालते, समजून घेऊ.

खासगी जमीन इतकी महत्त्वाची का?

अमेरिका म्हटलं की यलोस्टोनसारखी मोठी राष्ट्रीय उद्यानं आठवतात. पण अलास्का आणि हवाई वगळता उर्वरित अमेरिकेतली सुमारे ७० टक्के जमीन खासगी मालकीची आहे. देशातलं निम्म्याहून अधिक जंगलही खासगी हातात आहे.

नदी, पक्षी, माती यांना सातबारा कळत नाही. सरकारी जंगल कितीही जपलं, तरी मधल्या शेतांवर काय होतं यावर बरंच काही ठरतं.

सुरुवात कुठून झाली?

धुळीपासून. १९३०च्या दशकात मध्य अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशात दुष्काळ पडला. गवताची मुळं नांगरून काढलेली असल्याने उघडी माती वाऱ्याबरोबर उडू लागली. या काळाला 'डस्ट बोल' म्हणतात. १४ एप्रिल १९३५ रोजी आलेल्या धुळीच्या वादळाने भरदिवसा अंधार केला. तो दिवस 'ब्लॅक संडे' म्हणून ओळखला जातो.

त्याच महिन्यात, २७ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी मृदसंधारण कायद्यावर सही केली आणि मृदसंधारण सेवा स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख होते ह्यू हॅमंड बेनेट. शेतकऱ्याला हुकूम देण्यापेक्षा त्याच्या बांधावर जाऊन, त्याच्याबरोबर आराखडा करायचा, ही या सेवेची पद्धत. पुढे स्थानिक पातळीवर मृदसंधारण जिल्हे तयार झाले. आज त्यांची संख्या सुमारे ३,००० आहे. १९९४मध्ये या सेवेचं नाव 'नैसर्गिक संसाधन संवर्धन सेवा' असं झालं.

शेतकऱ्याला नेमकं काय मिळतं?

योजना बऱ्याच आहेत. त्यांचे ढोबळ प्रकार असे:

*भाडं:* १९८५च्या शेती कायद्यातून 'कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम' आला. धूप होणारी किंवा नदीकाठची जमीन पिकाखालून काढायची, तिथे गवत किंवा झाडं लावायची आणि त्याबदल्यात सरकारकडून दरवर्षी भाडं घ्यायचं. करार साधारण १० ते १५ वर्षांचा. २००७मध्ये या योजनेत ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळपास निम्मं आहे.

*खर्चात वाटा:* ओढ्यात गुरं शिरू नयेत म्हणून कुंपण, शेणाच्या साठवणुकीची सोय, दोन पिकांच्या मधल्या काळात जमीन झाकणारं पीक, अशा कामांचा साधारण ७५ टक्क्यांपर्यंत खर्च सरकार उचलतं. नवख्या शेतकऱ्यांसाठी ही मर्यादा ९० टक्क्यांपर्यंत जाते.

*कायमचा हक्क:* मालक जमीन स्वतःकडेच ठेवतो, पण तिथे इमारती बांधण्याचा किंवा पाणथळ बुजवण्याचा हक्क मोबदला घेऊन सोडतो. जमीन पुढे विकली तरी ही अट कायम राहते.

*मोठी भागीदारी:* २०१४च्या शेती कायद्याने 'रीजनल कॉन्झर्व्हेशन पार्टनरशिप प्रोग्रॅम' आणला. यात राज्य सरकार, पाणीपुरवठा संस्था, शेतकरी संघटना आणि स्वयंसेवी संस्था एकत्र येऊन एखाद्या नदीखोऱ्यासाठी प्रस्ताव देतात. केंद्राच्या निधीबरोबर या भागीदारांनीही पैसा, माणसं किंवा सामग्री आणायची असते.

हे सगळं ऐच्छिक आहे. पण दुसरी बाजूही आहे. १९८५च्याच कायद्यानुसार, पाणथळ जागा बुजवून तिथे पीक घेणाऱ्याला किंवा धूप होणारी जमीन आराखड्याशिवाय नांगरणाऱ्याला शेतीच्या इतर अनुदानांवर पाणी सोडावं लागू शकतं.

याचा उपयोग झाला का?

सुतारपक्ष्याकडे परत येऊ. १९९५मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या सँडहिल्स भागात 'सेफ हार्बर' करार सुरू झाले. अट साधी होती. आज तुमच्या जमिनीवर पक्ष्यांची जेवढी कुटुंबं आहेत, तेवढी राखा. तुम्ही जंगल सुधारल्यामुळे आणखी पक्षी आले, तर त्यांच्यामुळे नवी बंधनं येणार नाहीत. मालकांची भीती कमी झाली आणि इतर राज्यांनीही हे करार स्वीकारले. सरकारी आणि लष्करी जमिनींवरही मोठं काम झालं. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये या पक्ष्याचा दर्जा 'संकटग्रस्त'वरून एक पायरी खाली, 'धोक्यातील' असा करण्यात आला.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. या शहराचं सुमारे ९० टक्के पाणी कॅटस्किल आणि डेलावेअर खोऱ्यांतून येतं. तिथली बरीच जमीन खासगी शेतं आणि जंगलं आहेत. १९९०च्या दशकात शहरापुढे दोन पर्याय होते. अब्जावधी डॉलर खर्चून पाणी गाळण्याचा प्रचंड प्रकल्प उभारायचा किंवा वरच्या खोऱ्यातच पाणी स्वच्छ राहील असं पाहायचं. १९९७मध्ये शहर, राज्य, केंद्र आणि खोऱ्यातल्या गावांमध्ये करार झाला. शहराच्या पैशातून गोठे सुधारले, ओढ्यांच्या कडेला झाडं लागली. या खोऱ्यांतल्या पाण्यासाठी तो प्रकल्प शहराला आजवर उभारावा लागलेला नाही.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण म्हणजे करार संपतो. २००७नंतर मक्याचे आणि सोयाबीनचे भाव चढले. अनेकांनी मुदत संपताच गवत मोडून पुन्हा पेरणी केली. २०१४च्या कायद्याने भाड्याच्या योजनेची कमाल मर्यादाही २ कोटी ४० लाख एकरांवर आणली. दहा वर्षं राखलेलं कुरण एका हंगामात जाऊ शकतं.

दुसरी, निधी. तो संसदेच्या निर्णयावर अवलंबून असतो आणि अर्ज सहसा निधीपेक्षा जास्त येतात.

तिसरी, माहिती. कोणत्या शेतकऱ्याने कोणत्या जमिनीवर काय केलं, हे तपशील २००८च्या कायद्यानुसार गोपनीय राहतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते रास्त आहे. पण मग जनतेच्या पैशातून कुठे काय साधलं, हे बाहेरून तपासणं अवघड होतं.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

आपल्याकडेही खासगी जंगलं आहेत. कोकणातले अनेक डोंगरउतार मालकीचे आहेत. पण महाराष्ट्राने वेगळा रस्ता धरला. १९७५च्या महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायद्याने अशी वनं सरकारच्या मालकीची झाली. त्यावरून जमीनमालक आणि सरकार यांच्यात दशकानुदशकं खटले चालले. अखेर २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, केवळ जुनी नोटीस काढली होती एवढ्यावर जमीन खासगी वन ठरत नाही. मालकीच्या इतर झाडांसाठी १९६४चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. तोही मुख्यतः परवानगीचा कायदा आहे.

अमेरिकेची पद्धत जशीच्या तशी इथे चालेल असं नाही. तिथे शेतं मोठी आहेत, आपल्याकडे एकाच डोंगरावर वीस हिस्सेदार असू शकतात. शिवाय नियम नकोतच, असंही त्या अनुभवातून निघत नाही. सुतारपक्ष्यासाठी करार झाले, कारण मागे कायदा उभा होता.

पण एक प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. झाड उभं ठेवल्याने पाणी, माती आणि पक्षी वाचतात. त्याचा फायदा खालच्या गावाला आणि शहरालाही होतो. मग ते न तोडण्याचा तोटा एकट्या मालकानेच का सोसायचा?