तीन औषधं, एक गोळी

एचआयव्हीच्या औषधांच्या इतिहासात मला सगळ्यात भारी वाटते ती सिप्लाची ट्रायोम्यून नावाची गोळी. पण तिचं मोल कळायला आधी थोडं मागे जावं लागेल.

पहिलं औषध एझेडटी. जेरोम हॉर्विट्झ यांनी ते १९६४ साली बनवलं, तेही कॅन्सरसाठी. तिथे ते चाललं नाही. पुढे मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत एड्सवर त्याला परवानगी मिळाली. त्याची युक्ती साधी आहे. हा विषाणू पेशीत शिरला की आपल्या आरएनएवरून डीएनए लिहून काढतो. एझेडटी दिसतं डीएनएच्या एका अक्षरासारखं. विषाणू फसून ते ओळीत बसवतो, पण त्याला पुढचं अक्षर जोडायला जागाच नसते. झालं, लिखाण ठप्प!

मग एकटं एझेडटी का पुरलं नाही? कारण हा नकलनवीस भलताच धांदरट. शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात, त्यातली एखादी चूक औषधाला चकवणारी निघतेच. आपल्या भाषेत, बग हेच त्याचं फीचर! पण तीन औषधं एकदम दिली तर तिन्हींना चकवणाऱ्या चुका एकाच विषाणूत जमून याव्या लागतात. ते जवळजवळ अशक्य. १९९६ च्या व्हँकुव्हर परिषदेत याचे निकाल जगासमोर आले आणि मरणाला टेकलेली माणसं कामावर परतू लागली.

अर्थात, श्रीमंत देशांतली. वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. शिवाय औषधं वेगवेगळ्या कंपन्यांची, त्यामुळे ती एका गोळीत आणणार कोण?

इथे आपला १९७० चा पेटंट कायदा कामी आला. त्यात पेटंट औषध बनवण्याच्या पद्धतीला मिळे, औषधाला नाही. म्हणून मुंबईच्या सिप्लाला स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन आणि नेविरापीन एकाच गोळीत घालता आली. सकाळी एक, संध्याकाळी एक. तिघांपैकी एखादं औषध विसरायची सोयच नाही! फेब्रुवारी २००१ मध्ये युसुफ हमीद यांनी या तीन औषधांचा वर्षभराचा डोस 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ला ३५० डॉलरला देऊ केला. एप्रिल २००४ पासून भारत सरकारनेही मोफत उपचार सुरू केले.

स्टॅव्ह्युडीन पुढे दुष्परिणामांमुळे मागे पडलं, नवी औषधं आली. पण विषाणूची प्रत काही पेशींत दडून राहतेच, म्हणून गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. म्हणजे किंमतही दरवर्षी मोजायची. आणि २००५ पासून आपल्याकडेही औषधावरच पेटंट मिळतं. तेव्हा प्रत्येक नव्या औषधाबरोबर हा प्रश्न पुन्हा उभा राहतो: ते परवडणार कोणाला?