गाडीचं ‘रिकॉल’ जाहीर झालं, पण पार्टच आला नाही. मग मालकाने करायचं काय?

३ सप्टेंबर २०२१ रोजी मारुती सुझुकीने १,८१,७५४ गाड्या परत बोलावत असल्याचं जाहीर केलं. सियाझ, एर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ या गाड्यांची ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेली पेट्रोल मॉडेल्स त्यात होती. त्यांतलं मोटर जनरेटर युनिट तपासून, खराब असेल तर मोफत बदलून मिळणार होतं. पण बदलायचं काम सुरू होणार होतं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तोपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यावरून गाडी नेऊ नका आणि इलेक्ट्रिकल भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका, अशी सूचना कंपनीने मालकांना केली.

सप्टेंबर म्हणजे वर्ध्यात अजून पावसाळाच. विदर्भातून मान्सून परततो तो साधारण ऑक्टोबरमध्ये. म्हणजे ज्या महिन्यांत पाणी टाळणं सर्वात अवघड, नेमक्या त्याच महिन्यांत पाणी टाळा असं सांगितलं गेलं. कंपनीने दोष लपवला नाही, पार्ट हाती यायच्या आधीच सांगून टाकलं, हे बरंच झालं. तरीही घोषणा आणि दुरुस्ती यांच्यामधल्या दोन महिन्यांचा धोका मालकाच्याच अंगावर राहिला. रिकॉलची बातमी सगळे शेअर करतात, या मधल्या काळाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

रिकॉल म्हणजे नेमकं काय?

एका विशिष्ट काळात बनलेल्या गाड्यांमध्ये सारखाच दोष असण्याची शक्यता दिसली, की कंपनी त्या सगळ्या गाड्या तपासणीसाठी बोलावते. याला रिकॉल म्हणतात. यादीतल्या प्रत्येक गाडीत दोष असतोच असं नाही. मे २०२१ मध्ये रॉयल एन्फिल्डने क्लासिक, बुलेट आणि मीटिऑर मिळून २,३६,९६६ मोटरसायकली इग्निशन कॉइलच्या दोषासाठी बोलावल्या, तेव्हा प्रत्यक्षात १० टक्क्यांहून कमी गाड्यांचा पार्ट बदलावा लागेल असा कंपनीचा अंदाज होता. या दोषामुळे इंजिन मिसफायर होणं, गाडीचा जोर कमी होणं आणि क्वचित प्रसंगी शॉर्टसर्किट होणं शक्य होतं.

भारतात हा शब्द उच्चारायलाही कंपन्यांना वेळ लागला. २००९ मध्ये रस्त्यावर आलेल्या टाटा नॅनोच्या काही गाड्यांतून धूर निघाला, तेव्हा स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमधल्या शॉर्टसर्किटकडे बोट दाखवलं गेलं. मार्च २०१० मध्ये मुंबईत शोरूममधून घरी निघालेली कोरी नॅनो रस्त्यातच पेटली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने तोवर विकलेल्या ७० हजारांहून अधिक नॅनोंना मोफत जादा संरक्षण देऊ केलं. एक्झॉस्टभोवती आवरण आणि इलेक्ट्रिकल सर्किटमध्ये जादा फ्यूज, असं ते होतं. पण ‘हे रिकॉल नाही’ असं सांगायला कंपनी विसरली नाही. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेची स्वेच्छा रिकॉलची नियमावली आली ती २०१२ मध्ये.

कायद्याचा आधार त्याहून उशिरा मिळाला. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. दोषामुळे चालक, प्रवासी, रस्त्यावरचे इतर लोक किंवा पर्यावरण यांना धोका असेल आणि ठराविक टक्के मालकांनी किंवा चाचणी संस्थेने तक्रार केली असेल, तर केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू आहेत आणि दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत आहे. कंपनीने पूर्ण पैसे परत द्यावेत, किंवा तशीच वा अधिक चांगली गाडी द्यावी, किंवा दुरुस्ती करून द्यावी, असं कलम सांगतं. यातला ‘किंवा’ नीट वाचायला हवा. व्यवहारात बहुतेक वेळा दुरुस्तीच मिळते. कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केलं तर तिला हा दंड लागत नाही, त्यामुळे सरकारी आदेशाची वाट पाहण्यापेक्षा आपणहून जाहीर करणं कंपन्यांनाही परवडतं.

दोष वायरिंगमध्येच का निघतात?

आजच्या गाडीत वायरिंगचं जाळं इंजिनपासून मागच्या दिव्यापर्यंत पसरलेलं असतं. ती वायर एखाद्या कडेला घासत राहिली, की वरचं प्लॅस्टिक झिजतं, आतली तार बॉडीला टेकते आणि शॉर्टसर्किट होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने १,०८,३०६ एक्सयूव्ही७०० गाड्या बोलावल्या, त्यामागे इंजिनकडच्या भागातली वायर घासून कापली जाण्याचाच धोका होता. ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ दरम्यान बनलेल्या या गाड्या होत्या.

कारखान्यातून आलेल्या दोषात वर्ध्याचं हवामान भर घालतं. नवतपाच्या दिवसांत इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून बरीच जास्त उष्णता असते आणि तिथलं प्लॅस्टिक लवकर कडक होऊन तडकतं. त्यावर पावसाची ओल आली की कनेक्टरला गंज चढतो. शिवाय घराशेजारी सोयाबीन, तुरीची पोती असली की उंदीर येतात आणि बॉनेटखालची वायर त्यांना फार आवडते. हे शेवटचं कारण अर्थातच कोणत्याच रिकॉलमध्ये बसत नाही.

एक चूक मात्र माणसं स्वतः करतात. फ्यूज उडाला की त्याजागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा सरळ तांब्याची तार बसवतात. फ्यूजचं कामच आधी जळून वायरला वाचवायचं. १० अँपिअरच्या जागी ३० चा बसवला की फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते. बाहेरून बसवलेले जादा दिवे, मोठा हॉर्न किंवा म्युझिक सिस्टिम यांसाठी मूळ वायर कापून जोड दिला असेल, तर पुढे रिकॉलच्या तपासणीत कंपनी त्याच जोडाकडे बोट दाखवू शकते.

इलेक्ट्रिक स्कूटरचं प्रकरण थोडं वेगळं आहे. २६ मार्च २०२२ ला पुण्यात उभी असलेली ओला एस१ प्रो पेटली. पुढच्या महिन्यात ओलाने १,४४१ स्कूटर आणि ओकिनावाने प्रेज प्रो मॉडेलच्या ३,२१५ स्कूटर तपासणीसाठी बोलावल्या. ओकिनावाच्या तपासणीत बॅटरीचे सैल कनेक्टर आणि बॅटरीचं नुकसान पाहिलं जाणार होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे कडक निकष १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधी घेतलेली स्कूटर असेल, तर रात्रभर घरात, झोपायच्या खोलीशेजारी चार्जिंगला लावणं टाळलेलं बरं.

दुरुस्ती रखडते कुठे?

पहिलं कारण साधं आहे. लाखभर गाड्यांचा पार्ट एकदम तयार नसतो. घोषणेत काम कधी सुरू होणार हे असतं, कधी संपणार हे बहुधा नसतं.

दुसरं कारण पत्त्याचं. कंपनी फोन, मेसेज किंवा पत्र पाठवते ते तिच्या नोंदीतल्या मालकाला. नागपुरात विकलेली गाडी दोन हात फिरून आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यात आली असेल, आरसी नव्या मालकाच्या नावावर झालीही असेल, पण कंपनीकडे नंबर पहिल्याच मालकाचा असतो. त्याला मेसेज जातो, तो म्हणतो गाडी तर विकली, आणि विषय तिथेच संपतो. गाडीवर एमएच-३२ लिहिलेलं आहे म्हणून कंपनीला काही कळत नाही.

मग अंतर. ज्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे, तिच्या वर्ध्यातल्या मालकाला एका बाजूने सुमारे ७५ किलोमीटर जावं लागतं. आर्वी, कारंजाकडच्यांची गोष्ट वेगळीच. तिथे जाऊन ‘पार्ट नाही, फोन करू’ हे ऐकून परतायचं, म्हणजे दिवस आणि पेट्रोल दोन्ही गेलं. असं एकदा झालं की पुष्कळ जण दुसऱ्यांदा जात नाहीत.

उशीर किती महाग पडू शकतो, हे अमेरिकेत दिसलं. जनरल मोटर्सने २०१४ मध्ये इग्निशन स्विचसाठी सुमारे २६ लाख गाड्या बोलावल्या. चालत्या गाडीत किल्ली आपोआप सरकून इंजिन आणि एअरबॅग दोन्ही बंद पडत. या दोषाची कुणकुण कंपनीत साधारण दहा वर्षं आधीच लागली होती. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले. तिथे पार्ट तयार नसला तरी मालकाला तात्पुरतं पत्र जातं, आणि धोका मोठा असेल तर गाडी घरापासून दूर, उघड्यावर उभी करायला सांगतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांच्या मिळून सुमारे ३४ लाख गाड्यांच्या मालकांना आगीच्या धोक्यामुळे असंच सांगितलं गेलं होतं.

वर्ध्यातल्या मालकाच्या हातात काय आहे?

सुरुवात चेसिस नंबरापासून. आरसीवर छापलेला हा १७ अक्षरी-अंकी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेनच्या पानावर टाकला की गाडी यादीत आहे का ते कळतं. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, त्यामुळे गोल दिसेल ते शून्य समजायचं. सेकंड हॅंड गाडी घेतानाच हे पाहावं आणि स्वतःचा मोबाइल नंबर कंपनीच्या नोंदीत घालून घ्यावा. नागपूरची फेरी मारण्याआधी पार्ट आला आहे का, हे फोनवर नाही तर मेसेज किंवा ईमेलवर विचारावं.

गाडी नेली आणि पार्ट नसला, तरी जॉब कार्ड उघडून घेतल्याशिवाय परतू नये. मालकाची तक्रार, तारीख, किलोमीटर आणि ‘पार्ट उपलब्ध नाही’ हा शेरा त्यावर हवा. सर्व्हिस सेंटरवाले ‘कशाला, पुढच्या वेळी बघू’ म्हणतात, पण पुढे भांडायची वेळ आली तर हाच कागद चालतो. गाडी तोवर चालवणं सुरक्षित आहे का, हेही लेखी विचारावं. जळका वास, मंद होणारे दिवे, पुन्हा पुन्हा उडणारा फ्यूज असं काही दिसलं तर गाडी थांबवावी. फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवावेत.

विम्याकडेही एकदा पाहायला हवं. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःची गाडी जळाल्याचे पैसे मिळत नाहीत. पॅकेज पॉलिसीत आग आणि गाडी आपोआप पेटणं धरलेलं असतं, पण नुसता इलेक्ट्रिकल बिघाड वगळलेला असतो. म्हणजे वायर जळून गाडी बंद पडली तर खर्च मालकाचा, त्याच वायरमुळे गाडी पेटली तर दावा करता येतो. दुरुस्ती रखडलेली असताना निव्वळ थर्ड पार्टीवर गाडी चालवणं फार जोखमीचं आहे.

कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षात एकट्या ओला इलेक्ट्रिकविरुद्ध इथे १०,६४४ तक्रारी आल्या आणि त्यावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस काढली. बहुतांश तक्रारी सोडवल्याचं कंपनीचं म्हणणं होतं. एकाची तक्रार दाबली जाते, हजारोंची नोंद झाली की दिल्लीत दखल घेतली जाते. गाडीच्या दोषाची तक्रार रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या रिकॉल पोर्टलवरही नोंदवावी, कारण सरकारी आदेशासाठी ‘ठराविक टक्के मालक’ तिथूनच मोजले जातात.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. गाडी नागपूरच्या डीलरकडून घेतली आणि कंपनी गुरगावची असली, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. म्हणजे हिंगणघाटच्या माणसाला वर्ध्याचा आयोग पुरतो. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचे वाद इथे चालतात. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये, १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये. वकील लावणं सक्तीचं नाही. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेला ऑटो किंवा पिकअपही ‘ग्राहक’ या व्याख्येत बसतो. धंद्यासाठी पाच-सहा गाड्या ठेवणाऱ्याचं मात्र तिथे अवघड होतं.

आयोगाकडून नवी गाडी मिळेलच, या आशेवर जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात दोष पार्टचा असेल तर पार्ट बदलून द्यावा, अख्खी गाडी नव्हे, अशी भूमिका घेतली होती. रखडलेल्या दुरुस्तीचा आदेश, बंद गाडीच्या काळातला खर्च आणि मनस्तापाची भरपाई हे मागणं जास्त टिकतं. कायद्यात निकालासाठी तीन महिने, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिने धरले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं, आणि त्याचं खंडपीठ नागपुरात आहे. तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते, आणि ती मोजताना जॉब कार्डवरची तारीख कामाला येते.