दोन नद्यांच्या संगमावरील गाव : हार्पर्स फेरी



गावे माणसे वसवतात, हे खरे. परंतु जागेची निवड बहुधा नदी आणि डोंगर यांनी आधीच करून ठेवलेली असते. अमेरिकेतील हार्पर्स फेरी हे चिमुकले गाव याचे बोलके उदाहरण आहे. २०२० च्या जनगणनेत तेथे तीनशे माणसेही नव्हती. तथापि त्या देशाच्या इतिहासात या गावाला मोठे स्थान आहे.

पश्चिमेकडून पोटोमॅक येते, दक्षिणेकडून शेनँडोआ. दोघी येथे एकत्र होतात आणि ब्लू रिज पर्वत भेदून पूर्वेस वॉशिंग्टनकडे जातात. संगमावरील पाचरीसारख्या भूभागावर गाव आहे. पोटोमॅकपलीकडे मेरीलँडचा कडा, शेनँडोआपलीकडे लाउडनचा डोंगर, पाठीशी बोलिव्हरची टेकडी. खिंड असल्याने वाट येथूनच जाणार, हे उघड होते. १७३३ मध्ये पीटर स्टीफन्सने येथे तर सुरू केली. १७४७ मध्ये रॉबर्ट हार्परने ती जागा विकत घेतली आणि गावास त्याचेच नाव मिळाले.

नदीचा उतार पाणचक्क्यांना अनुकूल होता. म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आग्रहाने सरकारी बंदुकांचा कारखाना आणि शस्त्रकोठार यांसाठी हे स्थळ निवडले गेले. १८०१ ते १८६१ या काळात तेथे सहा लाखांहून अधिक शस्त्रे तयार झाली. १८१९ च्या करारानंतर जॉन हॉल याने येथेच एका बंदुकीचा भाग दुसरीस तंतोतंत बसेल अशी यंत्रे सिद्ध केली. १८३० च्या दशकात कालवा आणि लोहमार्ग आले. गाव भरभराटीस चढले.

परंतु ज्या भूगोलाने वैभव दिले, त्यानेच संकटही ओढवले. ऑक्टोबर १८५९ मध्ये गुलामगिरीचा कट्टर शत्रू जॉन ब्राऊन याने शस्त्रे गुलामांच्या हाती देण्याच्या हेतूने कोठारावर छापा घातला. ही जागा म्हणजे सापळा आहे, असे फ्रेडरिक डग्लस यांनी त्यास आधीच बजावले होते. तसेच झाले. पूल रोखले जाताच परतीची वाट बंद झाली. छाप्यातील पहिला बळी हेवर्ड शेफर्ड हा स्वतंत्र कृष्णवर्णीय रेल्वे कामगार होता, ही या प्रसंगाची दारुण विसंगती. ब्राऊनला २ डिसेंबरला फाशी झाली.

यादवी युद्धात तोच धडा पुन्हा मिळाला. एप्रिल १८६१ मध्ये माघार घेणाऱ्या संघराज्याच्या सैनिकांनी कोठार पेटवले. सप्टेंबर १८६२ मध्ये दक्षिणेच्या जॅक्सनने भोवतालच्या उंचवट्यांवर तोफा चढवल्या आणि खालच्या सुमारे १२,५०० सैनिकांना शरण यावे लागले. उंची ज्याच्या हाती, गाव त्याच्या हाती! पुढे १८७० च्या महापुराने शेनँडोआकाठचे उद्योगही उद्ध्वस्त केले.

येथेच ही कथा संपली असती, तर आपण तिला केवळ विनाशाची कथा म्हटले असते. परंतु युद्ध संपताच, १८६५ मध्ये, कारखान्याच्या एका अधिकाऱ्यासाठी बांधलेल्या टेकडीवरील घरात नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांसाठी शाळा भरू लागली. १८६७ मध्ये तिला स्टोरर हे नाव मिळाले; वंश वा लिंग असा भेद न करता प्रवेश द्यावा, ही देणगीदाराची अट होती. याच संस्थेत १८८१ मध्ये डग्लस यांनी जॉन ब्राऊनवर भाषण केले. १९०६ मध्ये समान नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या नायगरा चळवळीची परिषदही येथेच भरली. १९५५ मध्ये संस्था बंद झाली. तिच्या काही वास्तू आज राष्ट्रीय उद्यानाच्या जतनात आहेत.

नद्यांनी स्थळ दिले, डोंगरांनी त्यास वेढले; त्या स्थळी काय घडवायचे, हे मात्र माणसांनी ठरवले. एका पिढीने तेथे बंदुका घडवल्या. दुसऱ्या पिढीने त्याच आवारात पाट्या-पुस्तके आणली. नदी व डोंगर बदलले नाहीत. बदलला तो माणसाचा हेतू. शाळेच्या व्यासपीठावरून हे सांगताना वाटते, की कोणत्याही गावाचा इतिहास वाचताना भूगोल आणि हेतू ही दोन्ही पाने एकत्र उघडावीत.