चौदा मृत्यू, आरोपी कोण?

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना मेंदूवरचा दाब कमी व्हावा म्हणून ग्लिसरॉल दिलं गेलं. त्यात डायथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. मूत्रपिंडं निकामी होऊन १४ जण गेले.

न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने पुरवठादार, रुग्णालय, अन्न व औषध प्रशासन, मंत्री अशी अख्खी साखळीच उलगडली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मॉड्यूलवर सही सगळ्यांची, पण अख्खी सिस्टिम कोणी तपासलीच नाही!

फौजदारी कायदा मात्र एक हात शोधत बसतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर भादंवि ३०४-अ खाली जास्तीत जास्त २ वर्षं कैद होती. २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५. पण संस्थेला कोठडीत कसं घालणार? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कैद शक्य नसली तरी कंपनीवर खटला चालतो, दंड होतो. ब्रिटनने तर २००७ साली अशा मृत्यूंसाठी संस्थेलाच आरोपी करणारा वेगळा कायदा केला. आपल्याकडे तसा गुन्हा अजून नाही.

आमच्या हट्ट्याचा पेशंटही बाटलीवरच्या लेबलावरच विसंबतो. लेबलावर नाव कंपनीचं असतं. मग आरोपपत्रावर का नको?