धाराशिवची साक्ष

राज्यसत्तेच्या डोळ्यांदेखत प्रजेवर अन्याय झाला, तर त्याची साक्ष कोणीं द्यावी? हा प्रश्न आज जिनीव्हाच्या सभागृहांत चर्चिला जातो. पण त्याचें एक बोधप्रद प्रकरण धाराशिव जिल्ह्यांत १९४८ सालींच घडून गेलें आहे.

तेव्हां हा उस्मानाबाद जिल्हा, लातूरसह, निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचाच वकील. त्याच्या अनुयायांच्या लुटालुटीनें व खुनांनीं हिंदु प्रजा गांजली होती. २१ ऑगस्ट १९४८ रोजीं संस्थानानें भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गावर आल्या. १६ तारखेस पॅरिसमध्यें सुरक्षा समितीनें हा विषय हातीं घेतला, आणि दुसऱ्याच दिवशीं निजामानें शरणागति पत्करली. पॅरिसला जें प्रकरण संपत आल्यासारखें वाटत होतें, त्याचा दुसरा अध्याय मराठवाड्याच्या गांवांत सुरू झाला. रझाकारांच्या पापांचा सूड निरपराध मुसलमान प्रजेवर उगविला जाऊं लागला.

या वार्ता दिल्लीस पोहोंचल्यावर पंडित नेहरूंनीं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांस संस्थानांत पाठविलें. त्यांस न्यायालयाचे अधिकार नव्हते. आपलें काम चौकशीचें नसून सलोख्याचें आहे, असें त्यांनींच नमूद केलें आहे. तरी २९ नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ते सोळांपैकीं नऊ जिल्ह्यांत फिरले, आणि ज्यांस भेट देतां आली नाहीं अशा १०९ गांवांतील पांचशेंवर लोकांच्या हकीकती त्यांनीं ऐकल्या. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांस सर्वांत अधिक झळ लागल्याचें त्यांस आढळलें. लातुरांत सुमारें दहा हजार मुसलमानांपैकीं जेमतेम तीन हजार उरले होते. साऱ्या संस्थानांत किमान २७ ते ४० हजार माणसें मेलीं, असा त्यांचा अंदाज होता. लष्करांतील कांहींच्या दुष्कृत्यांवर त्यांनीं पांघरूण घातलें नाहीं. तसेंच मुसलमान विणकरांच्या रक्षणार्थ स्वतःचे प्राण वेंचणाऱ्या हिंदु विणकरांचीहि नोंद केली. साक्षीची विश्वसनीयता अशा निःपक्षपातांतच असते.

हे तिघे संस्थानांत फिरत असतांनाच, १० डिसेंबर १९४८ रोजीं, त्याच पॅरिसमध्यें मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा संमत झाला. त्याच्या पहिल्या कलमांत ‘सर्व पुरुष’ याऐवजीं ‘सर्व मानव’ असा शब्द यावा, म्हणून झटणाऱ्या हंसाबाई मेहता या मुंबई विधिमंडळांतील एक सभासद होत्या. एकीकडे तत्त्व शब्दबद्ध होत होतें; दुसरीकडे त्याच तत्त्वाची पायमल्ली तीन माणसें गांवोगांव हिंडून टिपून घेत होतीं.

परंतु या साक्षीचें पुढें काय झालें? ज्या सरकारनें माणसें पाठविलीं, त्याच्याच दप्तरांत अहवाल पडून राहिला. दिल्लीच्या नेहरू ग्रंथालयांत तो सर्वांस पाहावयास मिळतो, ही गोष्ट २०१३ सालीं सर्वतोमुखीं झाली. तोंवर पासष्ट वर्षें लोटलीं होतीं. ज्यांच्या घरचीं माणसें गेलीं, त्यांच्या दोन पिढ्या कोणाच्याहि कबुलीवांचून जगल्या. आणि सत्य झांकलें गेल्यामुळें एकीकडे वाढवून सांगण्यास व दुसरीकडे साफ नाकारण्यास सारखेंच रान मोकळें मिळालें.

१९६१ सालीं लंडनमध्यें अॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि १९७६ सालीं आपल्याकडे जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेनें नागरी स्वातंत्र्याची संघटना निघाली. सरकारच्या आज्ञेवांचून पाहणें आणि पाहिलेलें लोकांपुढें मांडणें, हा अशा संस्थांचा बाणा. सुंदरलाल मंडळींजवळ धैर्य होतें, सचोटी होती. प्रसिद्धीचा अधिकार मात्र नव्हता. तो ज्या समाजानें आपल्या हातीं राखला नाहीं, त्याला आपल्याच अंगणांत काय घडलें हें कळण्यासहि सरकारी दप्तर उघडण्याची वाट पाहावी लागते.