खर्चाचं अ‍ॅप बदलताय? जुन्या नोंदी नव्या अ‍ॅपमध्ये कशा न्यायच्या, समजून घ्या

घरखर्च, बँक खाती, क्रेडिट कार्ड, एसआयपी असा सगळा हिशोब एकाच अ‍ॅपमध्ये ठेवायची सवय आता अनेकांना लागली आहे. पण ते अ‍ॅप उद्या बंद झालं, फुकटचं अचानक पैसे मागायला लागलं किंवा तुम्हालाच दुसरं आवडलं, तर त्यातल्या पाच-सात वर्षांच्या नोंदींचं काय?

नवं अ‍ॅप डाउनलोड करायला दोन मिनिटं लागतात. जुन्या नोंदी नीट हलवायला मात्र एखादा रविवार द्यावा लागतो. घाईत झालेली चूक लगेच दिसत नाही. ती दिसते आयकर रिटर्न भरताना किंवा म्युच्युअल फंड विकताना.

अशी अ‍ॅप्स खरंच बंद होतात का?

हो, आणि मोठ्या कंपन्यांचीही. मायक्रोसॉफ्टने 'मायक्रोसॉफ्ट मनी' या सॉफ्टवेअरची विक्री २००९ मध्ये थांबवली. २०१० मध्ये कंपनीने जुन्या ग्राहकांसाठी त्याची मोफत 'सनसेट' आवृत्ती दिली. त्यामुळे लोकांना निदान आपल्या जुन्या फाइल्स उघडता येत राहिल्या.

अलीकडचं उदाहरण 'मिंट'चं. २००७ मध्ये सुरू झालेली ही अमेरिकन सेवा इंट्यूट कंपनीने २००९ मध्ये विकत घेतली आणि २३ मार्च २०२४ रोजी बंद केली. वापरकर्त्यांना कंपनीच्याच 'क्रेडिट कर्मा'वर जायला सांगण्यात आलं. पण मिंटमध्ये किराणा, पेट्रोल, भाडं अशा प्रत्येक गोष्टीचं महिन्याचं बजेट ठरवता यायचं. ती सोय तिथे नव्हती. म्हणून अनेकांनी आपल्या नोंदी फाइलमध्ये उतरवून घेतल्या आणि दुसरं अ‍ॅप शोधलं.

भारतात एसएमएस वाचून खर्च मांडणारं 'वॉलनट' २०१८ मध्ये कॅपिटल फ्लोटने घेतलं, पुढे त्याचं नाव 'अ‍ॅक्सिओ' झालं. थोडक्यात, अ‍ॅपचं नाव, मालक आणि उद्देश बदलू शकतो. तुमच्या नोंदींची एक प्रत तुमच्याकडे असायलाच हवी.

सगळ्या नोंदी न्यायलाच हव्यात का?

नाही. आधी तीन भाग करा.

१. रोजचा खर्च: चहा, रिक्षा, किराणा. तुलना करण्यासाठी मागचं एक-दोन वर्ष पुरेसं आहे. त्याआधीचं फाइलमध्ये साठवून ठेवा.

२. बँक खाती आणि कर्ज: ठरावीक तारखेची शिल्लक नव्या अ‍ॅपमध्ये 'सुरुवातीची शिल्लक' म्हणून टाकता येते. १ एप्रिल ही तारीख सोयीची, कारण आपलं आर्थिक वर्ष तिथूनच सुरू होतं.

३. शेअर, म्युच्युअल फंड, सोनं, घर: इथे नुसती शिल्लक चालत नाही. खरेदीची तारीख आणि किंमत सोबत यायलाच हवी. त्याचं कारण पुढे पाहू.

फाइल कोणत्या प्रकारात घ्यायची?

जुन्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'एक्सपोर्ट' किंवा 'डाउनलोड डेटा' असा पर्याय असतो. तिथे साधारण हे प्रकार दिसतात.

सीएसव्ही: साधा तक्ता. एक्सेलमध्ये उघडतो आणि बहुतेक अ‍ॅप्सना चालतो. पण कोणत्या रकान्यात काय आहे, हे नव्या अ‍ॅपला तुम्हालाच सांगावं लागतं.

क्यूआयएफ: 'क्विकन' या सॉफ्टवेअरमुळे रूढ झालेला जुना प्रकार. यात खर्चाचे प्रकारही येतात. पण व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक नसतो, म्हणून तीच फाइल दोनदा टाकली तर नोंदी दुप्पट होऊ शकतात.

ओएफएक्स: मायक्रोसॉफ्ट, इंट्यूट आणि चेकफ्री या कंपन्यांनी १९९७ मध्ये आणलेला प्रकार. यात प्रत्येक व्यवहाराला क्रमांक असतो, त्यामुळे दुबार नोंद ओळखता येते.

पीडीएफ: वाचायला आणि पुरावा म्हणून उत्तम, पण नव्या अ‍ॅपमध्ये भरायला त्रासदायक. पीडीएफचं एक्सेल करून देणाऱ्या कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर बँक स्टेटमेंट अपलोड करू नका.

'गनूकॅश'सारखं मोफत सॉफ्टवेअर हे तिन्ही प्रकार (सीएसव्ही, क्यूआयएफ, ओएफएक्स) आयात करू शकतं.

नोंदी नेमक्या कुठे बिघडतात?

तारीख: ०३/०४/२०२३ म्हणजे आपल्यासाठी ३ एप्रिल, पण अमेरिकन पद्धतीच्या अ‍ॅपसाठी ४ मार्च. २५/०४ सारखी तारीख अ‍ॅप नाकारतं, म्हणून ती चूक कळते. १ ते १२ तारखांच्या नोंदी मात्र गुपचूप दुसऱ्या महिन्यात जातात. फाइल भरण्याआधी तारखा २०२३-०४-०३ अशा लिहिल्या तर हा गोंधळ टळतो.

स्वल्पविराम: १,२५,००० मधले स्वल्पविराम सीएसव्हीमध्ये रकाना तोडू शकतात. रकमेतून ते काढून टाका.

जमा आणि नावे: बँकेच्या स्टेटमेंटमध्ये जमा आणि खर्चाचे दोन वेगळे रकाने असतात. काही अ‍ॅप्सना एकच रकाना लागतो, त्यात खर्च उणे चिन्हाने दाखवतात. चिन्ह उलटं पडलं की पगार खर्चात जातो.

मोठे क्रमांक: एक्सेल संख्येतले पहिले १५ अंकच जपतं. सोळा अंकी खातेक्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, सुरुवातीची शून्यं उडतात. तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा.

मराठी नोंदी: 'दूधवाला', 'भिशी' असं देवनागरीत लिहिलं असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. नाहीतर अक्षरांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात.

स्वतःच्याच खात्यांमधले व्यवहार: क्रेडिट कार्डावर ८,००० रुपयांची खरेदी केली आणि नंतर बँकेतून ८,००० रुपयांचं बिल भरलं, तर खर्च ८,०००च आहे. नवं अ‍ॅप बिल भरण्यालाही खर्च समजलं तर तो १६,००० दिसेल. अशा नोंदी 'ट्रान्सफर' म्हणून टाका.

गुंतवणुकीत चूक झाली तर काय होतं?

एक उदाहरण पाहू. समजा, २०१९ मध्ये तुम्ही इक्विटी म्युच्युअल फंडाची १,००० युनिट्स ४० रुपयांनी घेतली. २०२५ मध्ये अ‍ॅप बदलताना भाव ९० रुपये होता आणि तुम्ही फक्त '१,००० युनिट्स' अशी नोंद केली. नव्या अ‍ॅपला वाटतं, ही युनिट्स आजच ९० रुपयांनी घेतली.

तीन महिन्यांनी ९५ रुपयांनी विकली, तर अ‍ॅप ५,००० रुपयांचा अल्पकालीन नफा दाखवेल. खरा नफा आहे ५५,००० रुपये आणि तो दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ पासूनच्या दरांनुसार इक्विटी फंडांवर अल्पकालीन नफ्याला २० टक्के कर लागतो. दीर्घकालीन नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आणि त्यापुढे १२.५ टक्के. म्हणजे अ‍ॅपवर विसंबून रिटर्न भरलं, तर नफ्याचा आकडाही चुकतो आणि प्रकारही. विक्रीची माहिती आयकर खात्याच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकातही येते, त्यामुळे तफावत दिसू शकते.

खरेदीची तारीख आणखी दोन ठिकाणी महत्त्वाची आहे. १ फेब्रुवारी २०१८ पूर्वी घेतलेल्या शेअर आणि इक्विटी फंडांसाठी ३१ जानेवारी २०१८ चा भावही विचारात घेतला जातो. तर १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडांवर, ते कितीही वर्षं ठेवले तरी, तुमच्या उत्पन्नाच्या स्लॅबनुसार कर लागतो.

जुन्या तारखा सापडत नसतील तर 'कॅम्स' किंवा 'केफिनटेक'च्या वेबसाइटवरून एकत्रित खाते विवरण, म्हणजे सीएएस, ईमेलवर मागवा. मागवताना 'डिटेल्ड' पर्याय निवडा आणि कालावधी पहिल्या गुंतवणुकीपासूनचा द्या.

सगळं बरोबर आलंय, हे कसं तपासायचं?

- आधी एका खात्याची, एका महिन्याचीच फाइल भरून पाहा.
- जुन्या आणि नव्या अ‍ॅपमधल्या नोंदींची संख्या जुळते का, ते बघा.
- प्रत्येक खात्यासाठी सुरुवातीची शिल्लक अधिक जमा, वजा खर्च, हा आकडा बँकेच्या स्टेटमेंटमधल्या अखेरच्या शिलकीशी रुपया-पैशांत जुळला पाहिजे.
- युनिट्स आणि एकूण खरेदी रक्कम सीएएसशी ताडून पाहा.

जुनं अ‍ॅप कधी काढायचं?

लगेच नको. किमान एक-दोन महिने दोन्ही अ‍ॅप्स सोबत वापरा आणि महिनाअखेरचे आकडे जुळवा. मूळ फाइलला हात न लावता तिची एक प्रत फोनबाहेर, पेन ड्राइव्हवर किंवा लॅपटॉपवर ठेवा.

मग जुन्या अ‍ॅपला दिलेल्या परवानग्या बंद करा. एसएमएस आणि ईमेल वाचायची परवानगी काढा. बँकेची माहिती 'अकाउंट अ‍ॅग्रिगेटर'मार्फत दिली असेल, तर तिथली संमतीही मागे घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली चालणारी ही व्यवस्था सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. तिच्यात कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळ द्यायची हे संमतीत लिहिलेलं असतं.

शेवटी अ‍ॅपच्या आत जाऊन 'डिलीट अकाउंट' करा. फोनवरून अ‍ॅप नुसतं काढून टाकलं तर तुमची माहिती कंपनीच्या सर्व्हरवर तशीच राहू शकते.