संस्थापकांच्या यादीतले राहून गेलेले नाव

कॅनडातील संगणकशास्त्राचे जनक कोण, असे विचारले की केली गॉटलीब हे उत्तर मिळते. ते चुकीचे नाही. १९६४ साली टोरंटो विद्यापीठात देशातील पहिला संगणकशास्त्र विभाग पदव्युत्तर पातळीवर सुरू झाला, त्याच्या संस्थापकांत गॉटलीब होतेच.

मात्र या विभागाची मुळे १९४८ मध्ये तेथेच स्थापन झालेल्या गणन केंद्रात आहेत. त्या केंद्राने आरंभी दोनच सहायक नेमले. त्यांपैकी एक होत्या बिएट्रिस वर्स्ली.

युद्धकाळात नौदलाच्या महिला दलात काम केलेल्या या गणितज्ञ बाईंनी त्याच वर्षी मेकॅनो या मुलांच्या खेळण्याचे भाग जोडून विकलन समीकरणे सोडवणारे यंत्र उभे केले. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तेथे मे १९४९ मध्ये एडसॅक या संगणकाने वर्गसंख्यांचे कोष्टक छापले, तेव्हा त्या तेथेच होत्या. महिनाभराने भरलेल्या परिषदेसाठी त्या प्रात्यक्षिकाचे टिपण त्यांनीच लिहिले. १९५२ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. आधुनिक संगणकाविषयीच्या अगदी पहिल्या प्रबंधांत त्यांचा प्रबंध गणला जातो.

त्याच वर्षी टोरंटोला फेरांटी कंपनीचा संगणक आला. त्याचे नाव फेरूट. त्याला आज्ञा द्यायच्या त्या टेलिप्रिंटरच्या ३२ चिन्हांच्या सांकेतिक लिपीत. ही लिपी आत्मसात करण्यातच संशोधकाचा जीव मेटाकुटीला येई. वर्स्ली आणि पॅटरसन ह्यूम यांनी यावर ‘ट्रान्सकोड’ रचला: माणसाने सुटसुटीत आज्ञा लिहाव्यात, त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर यंत्रानेच करावे. माझ्या मते विभागाची खरी पायाभरणी ही आहे. संगणक मूठभर जाणकारांच्या हातून सुटला आणि शिकवण्याजोगा विषय झाला.

असे असूनही डॉक्टरेटनंतर वर्स्ली कित्येक वर्षे केंद्रातील गणितज्ञ याच पदावर राहिल्या; प्राध्यापकवर्गात त्यांना स्थान मिळाले ते फार उशिरा. ‘संस्थापक’ हा शब्द आपण स्थापनेच्या ठरावावरून ठरवतो, ही इतिहासलेखनाची जुनी खोड आहे. ठरावाआधीची राबणूक त्यात मावत नाही.

१९६५ मध्ये त्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात गेल्या आणि तेथील संगणक केंद्राच्या उभारणीला लागल्या. १९७२ मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या अवघ्या ५० वर्षांच्या होत्या. कॅनडातील संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्यांना जीवनगौरव दिला तो २०१४ साली, मरणोत्तर.